विद्यावेतनावरची नणंद

माझी नणंद चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थिनी होती. शिकणं केव्हाच संपलं होतं, पण कागदोपत्री ती विद्यार्थिनी, महिन्याकाठी हातात पडतं ते विद्यावेतन, आणि कानशिलांवरचे केस पांढरे. घरात आम्ही 'विद्यार्थिनी आली का?' असंच विचारायचो. तीही हसायची. मी हसायचे ते वरवर, कारण ती ज्या इस्पितळात काम करते त्याच्याच वेतन शाखेत मी बसते, आणि विद्यावेतन व पगार यांत किती अंतर असतं ते मला रोज बघावं लागतं.

ती डोळे बनवते. अपघातात किंवा आजारात डोळा गमावलेल्यांना बसवायचे खोटे डोळे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून त्यांची कार्यशाळा आहे. एकच मोठी खिडकी, तिच्याशी पेशंटची खुर्ची, समोर लांब टेबल, भिंतीशी घासायचं चाक. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना, मेणावरून पांढरं कवच. मग बुबुळ रंगवायचं, तेही पेशंटला खिडकीच्या उजेडात बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत. ढग आला की हात थांबवायचा, कारण उजेड बदलला की रंग बदलतो. शिरांसाठी लाल रेशमाचा दोरा उसवून त्याचे तंतू एकेक करून चिकटवायचे. वर पारदर्शक थर, आणि मग तासन् तास घासणं.

चित्रकलेचं शिक्षण घेऊन ती नोकरी शोधत होती तेव्हा शाळांना चित्रकलेची शिक्षिका नको होती आणि इस्पितळाला शिकाऊ हवा होता. ती तेवीस वर्षांची होती. तिथल्या मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी एक बुबुळ रंगवायला दिलं, बघितलं, पुसून टाकलं आणि म्हणाले, "उद्या ये." ती गेली आणि तिथलीच झाली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी शिक्षण होऊ दे." तिशीपर्यंत हे ऐकायला बरं वाटायचं. चाळिशीत विचारणारेच दमले.

शिक्षण न संपण्याला कारण होतं, ते त्या धंद्याची रीत. डोळ्यांच्या कामात परीक्षा नसते आणि प्रमाणपत्रही नसतं. शिकणाऱ्याला आपलं काम पूर्ण उतरलं असं वाटलं की तो आपण केलेल्या डोळ्याच्या मागच्या बाजूला, जी पुढे कधी कुणाला दिसणार नसते तिथे, बारीक ब्रशनं स्वतःची खूण करतो. तीच सही. सही झाली की तो कारागीर. मास्तर 'तू तयार आहेस' एवढं सांगू शकतो, पण सही करवून घेऊ शकत नाही. शिवाय लवकर सही करणाऱ्याला हे लोक उतावळा समजतात आणि जो जितका उशीर करेल त्याचं तितकं कौतुक. स्वतः मास्तरांनी अडतिसाव्या वर्षी सही केली होती आणि ते अभिमानानं सांगायचे. इस्पितळानं ही रीत जशीच्या तशी नियमांत घालून टाकली. सही झाल्याचं मास्तरांनी कळवलं की पुढच्या पहिल्या तारखेपासून पगार सुरू, तोवर विद्यावेतन.

ही असली रीत कौतुकाला छान. पेन्शनला नाही.

पेन्शनची वर्गणी पगारातून जाते. विद्यावेतन हा पगार नव्हे, त्यामुळे शिकण्याच्या वर्षांत खातं उघडतही नाही. ती वर्षं अगदीच वाया जाऊ नयेत म्हणून एक सोय आहे. पगार सुरू झाला की माणूस मागच्या शिक्षणाच्या वर्षांची वर्गणी स्वतःच्या पैशांतून भरू शकतो. पण त्याला मर्यादा आहे. ज्या वर्षी भरायचं त्या वर्षी जेवढा पगार मिळाला त्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच भरता येतं. घरात पैशांची पोती असली तरी त्याच्यावर एक दमडी घेत नाहीत. दुसरी अट वयाची. पंचेचाळीस पूर्ण झाली की ही सोय बंद, आणि त्याच्या आत पगारातून एकदाही वर्गणी पडली नसेल तर खातं पुढे उघडतच नाही.

माझ्या खिडकीशी दर वर्षी नुकते शिकून बाहेर पडलेले डॉक्टर येतात. वर्षाच्या मध्यात नोकरी लागलेली असते, म्हणून मर्यादाही अर्धी पडते, आणि ते असे चिडतात जणू मीच त्यांचं म्हातारपण खाल्लं. मी त्यांना म्हणते, अहो, तुम्ही पंचविशीतले, पुढच्या वर्षी भरा, त्याच्या पुढच्या वर्षी भरा, घाई काय आहे? आणि मग मला घरची विद्यार्थिनी आठवायची.

तिच्याकडे पैसा होता, हे महत्त्वाचं. सासऱ्यांनी जाताना तिच्या नावानं बऱ्यापैकी रक्कम ठेवली होती आणि ती तशीच पडून होती. भरायला पैसे होते, भरायला जागा नव्हती. मास्तर पहिल्यांदा 'तयार आहेस' म्हणाले त्या सदतिसाव्या वर्षी सही केली असती तर वर्षाला चौथा हिस्सा करत करत तिनं जवळजवळ सगळी मागची वर्षं भरून काढली असती. आता वाढदिवसाला सहा महिने राहिले होते.

आम्ही एकाच घरात राहतो. मागची खोली तिची. तिचं म्हातारपण पेन्शनशिवाय निघालं तर ते आमच्याच घरात निघणार होतं, आमच्या पेन्शनवर. स्वार्थ म्हणायचा तर म्हणा. मला तिची काळजी होती आणि त्यात माझीही होती, आणि दोन्ही वेगळ्या करून दाखवायला मला कुणी सांगितलेलं नाही.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणायचा, "ताईला कामातलं कळतं, तिला वाटेल तेव्हा ती करेल." मोठ्या बहिणीपुढे त्याचं तोंड उघडत नाही. मग मीच जेवताना विषय काढायचे.

"ताई, या महिन्यात सही करा."

"अगं, अजून जमत नाही."

"काय जमत नाही?"

"कडेचा रंग. पांढऱ्यात जिथे मिसळतो तिथे चुकतं माझं."

मी विषय सोडायचे, कारण कडेच्या रंगातलं मला काय कळणार? दर वर्षी मास्तर तिला सांगायचे, तयार आहेस, आणि दर वर्षी ती म्हणायची, नाही. मला वाटायचं, हटवादी आहे, कलाकार आहे, दोन्ही आहे.

मग एके दिवशी माझ्या खिडकीशी इस्पितळाचा सुतार आला. त्याच्या जादा कामाचे तास कापले गेले होते आणि त्याचा आवाज चढला होता. तो खिडकीत वाकून माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होता. मी हिशेब दुरुस्त केला, तो पुटपुटत गेला. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "काय ग, ओळखलास का कुठला?"

"कुठला काय?"

"डोळा. फळीचा तुकडा उडून एक गेला ना त्याचा, दोन वर्षं झाली. तुझ्याच नणंदेनं बनवलाय."

मी उठून बाहेर गेले. सुतार दारात उभा राहून पैसे मोजत होता. मी त्याच्याशी उगाच दोन वाक्यं बोलले, अगदी समोर उभी राहून. मला कळलं नाही. आजही तो भेटला की मी बघते आणि मला कळत नाही.

रविवारी सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बादली घेऊन वर गेले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही खोटं बोलताय."

तिनं चिमटा लावला. "कशाबद्दल?"

"कडेच्या रंगाबद्दल. सुतार बघितला मी."

ती जरा हसली. कामाची तारीफ कुणाला आवडत नाही? मग तिनं ओली चादर माझ्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं आणि पिळताना शांतपणे सांगितलं, जणू दुधाचा भाव सांगावा तसं.

"साठीनंतर मास्तरला जागा सोडावी लागते, पण तयार शिकाऊ असेल तरच. नसेल तर मास्तर चालू. नियम आहे ना तुमचा?"

"आहे."

"मी सही केली की मास्तर घरी. त्यांनी सही उशिरा केली, त्या काळात मागची वर्षं भरायची सोयही नव्हती. पूर्ण पेन्शनला अजून थोडे महिने कमी आहेत. मधे सुटले तर तिसरा हिस्सा कायमचा जातो. बायको अंथरुणाला खिळलेली, औषधं तुला माहितीच आहेत. ते पूर्ण झाले की मी दुसऱ्या दिवशी सही करते."

मी मनात महिने मांडले. मास्तर साठीचे झाल्याला सहा वर्षं होऊन गेली होती. त्यांना आठ महिने हवे होते. हिच्या वाढदिवसाला सहा महिने होते.

"ताई, तोवर तुमची पंचेचाळीस पूर्ण होतायत. खातंच उघडणार नाही."

"माहितीये."

"मग?"

"मला एकटीला लागतं किती? आणि तुम्ही आहात की."

हे तिनं इतक्या सहज म्हटलं की मला राग आला. आहोत की! म्हणजे तिनं मास्तरांवर उपकार करायचा आणि त्याचा हप्ता माझ्या घरातून जायचा. हे मी तिला जसंच्या तसं ऐकवलं. ती म्हणाली, "मास्तरांना यातलं काही कळता कामा नये. सांगशील तर बघ."

मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं मला काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्या माणसासाठी हे चाललं होतं त्याला विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

नणंद वॉर्डात एका मुलाचा साचा घ्यायला गेली होती. मास्तर चाकावर एक डोळा घासत होते. मला ते 'वेतनबाई' म्हणतात. "काय वेतनबाई, आज तळमजल्यावर?" म्हणाले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एका दमात. बोलताना ते चाक थांबवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी थांबवलं नाही. डोळा घासून झाला, त्यांनी तो पाण्यात बुडवला, फडक्यानं पुसला, उजेडाकडे धरला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सात वर्षं झाली असतील."

"सात," ते म्हणाले, आणि तो डोळा डबीत ठेवला.

पुढचं मला नणंदेकडून कळायचं ते कळलं नाही, कारण तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. एकाच घरात अबोला म्हणजे काय ते ज्यांनी धरलाय त्यांनाच ठाऊक. साखरेचा डबा हवा असला तरी नवऱ्याला मधे घालायचं, आणि तो बिचारा दोघींच्या मधे टपालासारखा फिरायचा. वेतन शाखेत मात्र मला सगळं कळलं, कारण कागद माझ्याकडेच येतात. सहीचा कागद मास्तरांनी स्वतः आणून दिला तेव्हा म्हणाले, मी तिला बजावलं होतं, या मुलाच्या डोळ्यावर सही कर, नाही तर मी राजीनामा देतो आणि ही कार्यशाळा बंद पडते. तिनं त्या मुलासाठी केलेल्या डोळ्यामागे सही केली. पहिल्या तारखेपासून ती कारागीर झाली, आणि त्याच तारखेला मास्तरांची जागा गेली. वाढदिवसाला पाच महिने आणि काही दिवस राहिले होते.

तिची वर्गणी सुरू झाली, खातं उघडलं. मागची वर्षं भरायला ती माझ्याच खिडकीशी आली, रांगेत उभी राहून, कारण दुसरी खिडकी नाही. सासऱ्यांची सगळी रक्कम भरायची म्हणाली. मी तिला मर्यादा सांगितली. वाढदिवसापर्यंतच्या पाच महिन्यांच्या पगाराचा चौथा हिस्सा, तेवढंच.

"बाकीचे मास्तरांच्या नावावर टाक," ती म्हणाली. अबोला धरल्यापासूनचं पहिलं वाक्य.

"दुसऱ्याचं भरता येत नाही, ताई. आणि त्यांचं त्यांनाही येत नाही. वय उलटलं, आणि पगार नाही म्हणजे मर्यादाही शून्य."

मागे पाच-सहा माणसं उभी होती. नणंदेनं माझ्याकडे बघितलं. लोकांच्या डोळ्यांकडे बघण्याची तिची एक पद्धत आहे, आधी एक, मग दुसरा. मग जेवढं बसत होतं तेवढं भरून पावती घेऊन गेली.

त्यानंतर मी डोकं लढवलं. आणि रस्ता होता. शिकाऊची जागा रिकामी झाली की नवा मिळेपर्यंत कार्यशाळेला रोजंदारीवर मदतनीस घेता येतो, आणि रोजंदारी हा पगार असतो. तुटपुंजा असला तरी पगारच, त्यातून वर्गणी जाते, महिने मोजले जातात. मदतनीसाला वयाची अट नाही. ही वाट आधी सुचली नाही, कारण आयुष्यभर जिथे मास्तरकी केली तिथे मास्तरांना मदतनीस करायचं, हे कुणाच्या डोक्यात येणार? मदतनीसाचं काम म्हणजे फरशी पुसणं, मेण वितळवणं, चाकावर घासणं. मी नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी नाही विचारणार. मेले तरी नाही." मग मीच मास्तरांच्या घरी गेले.

मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आतल्या खोलीत जाऊन बायकोच्या पाठीखालची उशी सरळ करून आले, आणि म्हणाले, "किती वाजता यायचं?"

ते आले. तिनं त्यांना खिडकीपाशी बसवायचा प्रयत्न केला, ते चाकापाशी बसले. शिकाऊ असताना ती जिथे बसायची तिथेच. पहिल्या आठवड्यात त्यांनी घासलेला एक डोळा तिनं उजेडात धरला. पारदर्शक थरावर एक ओरखडा राहिला होता, आणि पेशंट दुसऱ्या दिवशी येणार होता. ती त्यांना सांगेना. मग त्यांनीच तिच्या तोंडाकडे बघून डोळा परत घेतला आणि पुन्हा घासायला बसले. एकदा नाही, दोनदा. हे ती मला स्वयंपाकघरात सांगत होती, म्हणजे अबोला संपला होता, पण तो कधी संपला हे दोघींपैकी कुणालाही सांगता येणार नाही.

तिचा पंचेचाळिसावा वाढदिवस येऊन गेला. मागची वर्षं भरायची सोय त्या दिवशी बंद झाली. आता निवृत्तीला तिची पेन्शन बसेल ती पूर्ण पेन्शनच्या अर्ध्याहून थोडी जास्त. मी हिशेब करून तिला सांगितला. तिनं ऐकून घेतला आणि "पुरेल" म्हणाली. पुरेल की नाही ते मला ठाऊक आहे, पण तो विषय आम्ही घरात काढत नाही.

मास्तरांचे महिने भरले त्या दिवशी मी स्वतः तळमजल्यावर गेले. अशा बातम्या खिडकीतून द्यायच्या नसतात. दुपारची वेळ होती, पेशंट नव्हता. नणंद ब्रश धूत होती, मास्तर मेणाचं भांडं खरवडत होते. मी म्हणाले, "मास्तर, झालं. आजची वर्गणी पडली, तुमची पेन्शन पूर्ण. एक पैसा कमी नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "घरी सांगतो." आणि भांडं खाली ठेवून हात पुसू लागले. बोटं पुसून झाली तरी पुसत राहिले. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तुला एक विचारायचंय."

"विचारा की."

"दर वर्षी मी तुला म्हणायचो, तयार आहेस. तू म्हणायचीस, नाही. मी तुझं काम भिंगाखाली धरून बघायचो. चूक सापडायची नाही. मला वाटायचं, चूक आहे, पण आता मला दिसत नाही. दोनदा डोळे तपासून आलो मी, वर डॉक्टरांकडे. ते म्हणाले, ठीक आहेत. मग वाटायचं, माझ्या शिकवण्यातच काहीतरी राहून गेलं असणार. एवढी हुशार पोर, हिला आपल्याकडून पुरं आलं नाही. सात वर्षं हे घेऊन घरी जायचो मी."

नणंदेच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे तिच्या कधी मनातही आलेलं नव्हतं. पगार, महिने, बायकोची औषधं, सगळं तिनं धरलं होतं. हे धरलं नव्हतं.

"मास्तर, मला सुचलंच नाही हे," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "पण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी राजीनामा दिला असता."

"दिला असता," मास्तर म्हणाले. "पण ताठ मानेनं दिला असता."